निकाहनाम्यावर सही करण्यापूर्वी: मेहर, अटी आणि हक्क कागदावर कसे आणायचे

इस्लामी कायद्यात निकाह हा करार आहे, हे बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. १८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी ‘अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा’ या खटल्यात तेच सांगितलं. कुराणातही (४:२१, म्हणजे चौथ्या अध्यायातली एकविसावी आयत) विवाहाला ‘पक्का करार’ म्हटलं आहे. करार म्हणजे आधी मसुदा वाचायचा, अटी ठरवायच्या आणि मग सही करायची. निकाहाच्या वेळी मात्र हा साधा क्रम कुणाला आठवत नाही. जेवणाचा बेत आठवडाभर ठरत असतो आणि निकाहनामा पाच मिनिटांत भरून होतो, तोही बहुधा वधू दुसऱ्या खोलीत असताना. पुढे पोटगी, तलाक किंवा वारसा यांपैकी काहीही उभं राहिलं की सगळे तोच कागद शोधतात, आणि तिथे निम्म्या रकान्यांवर आडवी रेघ मारलेली असते.

म्हणून या लेखाचा भर निकाहाच्या आधी करायच्या कामांवर आहे. संसार मोडला तर काय, हेही पुढे येईल, पण त्यातले बरेच हक्क आधीच्या कामावरच अवलंबून असतात.

आधी हे ठरवा: मझहब कोणता, देश कोणता

‘इस्लाममध्ये असं आहे’ असं कुणी ठामपणे सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या मझहबात, म्हणजे इस्लामी कायद्याच्या कोणत्या पंथात? सुन्नींचे चार मझहब आहेत: हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. शियांमध्ये इस्ना अशरी लोक जाफरी मत पाळतात. दक्षिण आशिया, तुर्कस्तान आणि मध्य आशियात हनफी जास्त; इंडोनेशिया, मलेशिया, पूर्व आफ्रिका, तसंच कोकण आणि केरळच्या किनाऱ्यावर शाफई; उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत मालिकी; सौदी अरेबियात हंबली; इराणमध्ये जाफरी. विवाहाच्या बाबतीत यांच्यातले फरक किरकोळ नाहीत. एका मझहबात जो निकाह पक्का, तो दुसऱ्यात वलीवाचून (वधूच्या पालकावाचून) अडतो. वधू-वर वेगवेगळ्या मझहबांचे असतील तर दोन्हींत वैध ठरेल असा कडक मार्ग धरावा. त्यासाठी एखादी जास्तीची सही लागेल इतकंच.

दुसरा प्रश्न देशाचा. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली. पाकिस्तानात १९६१ च्या अध्यादेशापासून निकाहाची नोंदणी सक्तीची आहे आणि दुसऱ्या निकाहासाठी लवाद परिषदेची परवानगी लागते. भारतात १९३७ चा शरीयत कायदा आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा लागू आहेत. फिकहच्या (इस्लामी विधिशास्त्राच्या) दृष्टीने वैध असलेली गोष्ट देशाच्या कायद्याने गुन्हा ठरू शकते, तेव्हा किमान वय, नोंदणी आणि दुसऱ्या विवाहाचे नियम त्या त्या देशात तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली पायरी: हा निकाह होऊ शकतो का

निषिद्ध नात्यांची यादी कुराणात (४:२३) दिली आहे: आई, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, भाची-पुतणी, सासू, सून वगैरे. दोन सख्ख्या बहिणी एकाच वेळी एका पुरुषाच्या निकाहात असू शकत नाहीत. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांचा निकाह चालतो.

लोक चुकतात ते दुधाच्या नात्यात. लहानपणी ज्या बाईचं दूध प्यायलं ती आई ठरते आणि तिची मुलं भावंडं. मूल साधारण दोन वर्षांचं होईपर्यंतचंच दूध यात धरतात. किती वेळा पाजलं म्हणजे नातं जडतं, याचं उत्तर मझहबागणिक बदलतं. हनफी आणि मालिकी मतात एकदा पाजलं तरी पुरे, शाफई आणि हंबली मतात पाच वेळा, तर जाफरी मतात सलग पंधरा वेळा किंवा पूर्ण एक दिवस-रात्र. नात्यात लग्न ठरत असेल तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या बायकांना हा प्रश्न निकाहाच्या आधी स्पष्ट विचारा. नंतर कळलं तर निकाह टिकत नाही.

वधू विधवा किंवा घटस्फोटित असेल तर इद्दत (पुन्हा निकाह करण्याआधी थांबायचा काळ) पूर्ण झाली आहे का ते तारखा मांडून बघा. घटस्फोटानंतर तीन पाळ्या (२:२२८), पाळी येत नसेल तर तीन महिने, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत (६५:४). विधवेसाठी चार महिने दहा दिवस (२:२३४), चांद्र महिन्यांच्या हिशेबाने. पहिला निकाह झाला पण संसार सुरूच झाला नाही आणि तलाक झाला, तर इद्दत नाही (३३:४९). इद्दतीत केलेला निकाह ग्राह्य नाही. त्या काळात विधवेला उघड मागणी घालायचीही मनाई आहे, आडून सुचवायला हरकत नाही (२:२३५).

दुसरी पायरी: संमती आणि वली

खन्सा बिन्त खिदाम या बाईंचा निकाह वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावून दिला. त्या पैगंबरांकडे गेल्या आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द ठरवला. ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) सहीह बुखारी या संग्रहात आहे. ‘मुलीला विचारायचं काय’ म्हणणाऱ्यांना ती ऐकवावी.

कुमारिकेचं मौन ही संमती, असाही नियम हदीसमध्ये आहे. तो लाजाळू मुलीच्या सोयीसाठी होता, तिला गप्प बसवण्यासाठी नाही. माझं मत विचाराल तर मौनावर विसंबूच नका. वधूला तिच्या विश्वासातल्या माणसासमोर, घरच्यांच्या घोळक्यापासून दूर, मेहरचा (वराने वधूला द्यायच्या रकमेचा किंवा वस्तूचा) आकडा आणि अटी वाचून दाखवा, तिच्या तोंडून ‘कबूल’ ऐका आणि तिची सही तिच्याच हाताने होऊ द्या.

वलीबाबत: शाफई, मालिकी आणि हंबली मतांनुसार वधूच्या वलीशिवाय (आधी वडील, मग आजोबा, भाऊ असा सर्वसाधारण क्रम) निकाह होत नाही. हनफी मतात सज्ञान, शहाणी स्त्री आपला निकाह स्वतः करू शकते. फक्त जोड बरोबरीचा नसेल तर वली काझीकडे दाद मागू शकतो. जाफरी मतात कुमारिकेला वडिलांची परवानगी लागते की नाही यावर मतभेद आहेत, आणि बरेच मुजतहिद (निर्णय देणारे शिया धर्मपंडित) ती घ्यायला सांगतात. वली विनाकारण अडवून बसला तर ते अधिकार काझीकडे जातात, हे वली आवश्यक मानणारे तिन्ही सुन्नी मझहब मानतात.

तिसरी पायरी: मेहर

मेहर हा वधूचा हक्क आहे. तो तिच्या वडिलांचा नाही, आणि तो वधूची किंमतही नाही. ‘स्त्रियांना त्यांची मेहर खुशीने द्या’ (४:४) असं थेट सांगितलं आहे, आणि ढीगभर संपत्ती दिली असली तरी परत घेऊ नका (४:२०) असंही. कमीत कमी किती? हनफी मतात दहा दिरहम, म्हणजे सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी. मालिकी मतात पाव दिनार सोनं किंवा तीन दिरहम चांदी. शाफई आणि हंबली मतांत किमान मर्यादा नाही. लोखंडी अंगठीही चालेल, किंवा कुराणाचे सुरे शिकवणं हीसुद्धा मेहर होऊ शकते, असं हदीसमध्ये येतं. कमाल मर्यादा कुणीच घातलेली नाही.

पुष्कळ घरांत ‘मेहर-ए-फातिमी’ म्हणून मोकळे होतात. ती ५०० दिरहम धरली जाते, म्हणजे १३१ तोळे ३ मासे, सुमारे १.५३ किलो चांदी. ठेवायची तर खुशाल ठेवा, पण कागदावर वजन लिहा. नुसतं ‘मेहर-ए-फातिमी’ लिहिलं आणि पंधरा वर्षांनी वाद झाला, तर आकडा कोणता यावरच पहिली सहा महिने भांडण चालेल.

आता खरा मुद्दा. मेहर दोन भागांत ठरते: मुअज्जल, म्हणजे लगेच द्यायची, आणि मुवज्जल, म्हणजे पुढे द्यायची. उर्दू फॉर्ममध्ये या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक असतो आणि घाईत एकाच्या जागी दुसरा पडतो. त्यामुळे शब्दावर सोडू नका. ‘इतके ग्रॅम निकाहाच्या मजलिशीत दिले’ आणि ‘इतके ग्रॅम अमुक तारखेला किंवा वधूने मागताच’ असं लिहा. तारीख लिहिली नाही तर पुढची मेहर रूढीप्रमाणे तलाक किंवा मृत्यूपर्यंत लांबते. मुअज्जल मेहर मिळेपर्यंत नांदायला न जाण्याचा हक्क पत्नीला आहे, आणि तोवर तिची पोटगीही (म्हणजे पतीने द्यायचा निर्वाहखर्चही) थांबत नाही.

चलनात ठरवलेली मेहर महागाईत विरघळते. वीस वर्षांपूर्वी भरघोस वाटलेली रक्कम आज कशालाच पुरत नाही, असं दिसतं. इराणने यासाठी १९९७ मध्ये कायदाच बदलला: चलनात ठरलेली मेहर महागाई निर्देशांकानुसार वाढवून द्यायची. इतरत्र अशी सोय असेलच असं नाही, म्हणून सोन्याच्या ग्रॅममध्ये लिहिणं उत्तम. सोन्याची शुद्धताही लिहा, २२ कॅरट की २४.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. इराणमध्येच शेकडो सोन्याच्या नाण्यांची मेहर लिहायची चढाओढ लागली आणि न देऊ शकलेले नवरे तुरुंगात जाऊ लागले. शेवटी तिथल्या नव्या कुटुंब संरक्षण कायद्याने तुरुंगवासाच्या मार्गाने वसूल होणारी मर्यादा ११० नाण्यांवर आणली. दिखाव्याचा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. वराच्या कमाईत चार-पाच वर्षांत फिटेल एवढाच आकडा ठरवा आणि तो खरोखर फेडा.

आणखी काही गोष्टी झटपट. वराकडून घातलेले दागिने मेहरचा भाग की वेगळी भेट, हे लिहून ठेवा. घटस्फोटात सगळ्यात जास्त खडाजंगी याच्यावर होते. मेहर दिली की तारखेसह पावती करा. काहीच ठरलं नसेल तरी निकाह वैध असतो आणि पत्नीला मेहर-ए-मिस्ल मिळते, म्हणजे तिच्या माहेरच्या बरोबरीच्या स्त्रियांची असते तेवढी. एकांत होण्याआधीच तलाक झाला तर ठरलेल्या मेहरचा अर्धा भाग द्यावा लागतो (२:२३७). पत्नी मेहर माफ करू शकते, पण खुशीने. काही घरांत जनाजा उठण्यापूर्वी रडणाऱ्या विधवेला ‘मेहर माफ केली म्हण’ असा आग्रह करतात. त्याला खुशी म्हणत नाहीत.

चौथी पायरी: अटी

निकाहात अटी घालता येतात, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण बुखारीतली हदीस स्पष्ट आहे: ज्या अटींवर तुम्ही पत्नीला आपल्यासाठी हलाल केलं, त्या पाळण्याचं कर्तव्य सर्वांत मोठं. प्रश्न फक्त कोणत्या अटी टिकतात हा.

कराराच्या मुळावर येणाऱ्या अटी टिकत नाहीत: मेहर नाही, पोटगी नाही, असल्या. ठराविक मुदतीचा निकाह सुन्नींमध्ये रद्द, जाफरी मतात मुताह म्हणून मुदत आणि मेहर ठरवून चालतो. पत्नीच्या हिताच्या अटींवर खरा मतभेद आहे. हंबली मत इथे सर्वांत उदार: पती दुसरा निकाह करणार नाही, तिला तिच्या गावातून हलवणार नाही, या अटी बंधनकारक, आणि मोडल्या तर पत्नी निकाह रद्द करून घेऊ शकते. १९१७ मध्ये ऑटोमन साम्राज्याने कुटुंब कायदा केला तेव्हा राज्य हनफी असूनही हाच विचार उचलला. मोरोक्कोच्या २००४ च्या मुदव्वनातही (तिथल्या कुटुंब कायद्यातही) पत्नीने तशी अट घातली असेल तर दुसरा विवाह करता येत नाही. हनफी मतात मात्र अशी अट मोडली तरी निकाहाला धक्का लागत नाही. त्या अटीच्या बदल्यात मेहर कमी केली असेल, तर पत्नीला पूर्ण मेहर-ए-मिस्ल मागता येते इतकंच.

मग हनफी वधूने काय करावं? अटींना तफवीजची, म्हणजे तलाकचा अधिकार पत्नीला सोपवण्याची, जोड द्यावी. ती पुढच्या पायरीत. आधी अटी कोणत्या, ते पाहू. शिक्षण पुरं करणं आणि नोकरी करणं ही अट नक्की लिहा, कारण हनफी फिकहनुसार पतीच्या परवानगीविना बाहेर काम करणाऱ्या पत्नीच्या पोटगीवर वाद घालता येतो. लेखी संमती असेल तर तो वाद मिटतो. राहण्याची जागा लिहा. पत्नीला सासरच्या माणसांपासून वेगळी, स्वतःचं कुलूप असलेली जागा मिळाली पाहिजे, हे जुन्या हनफी ग्रंथांतच आहे. हे आधुनिक खूळ नव्हे. दुसऱ्या निकाहाची अट लिहा. दरमहा खर्चाची रक्कम लिहा.

ही शेवटची अट फार महत्त्वाची. पोटगी ऐपतीप्रमाणे द्यायची (६५:७), पत्नी श्रीमंत असली तरी द्यायची, आणि तिच्या कमाईवर पतीचा हक्क नाही, इथवर सगळे मझहब एक आहेत. पण थकलेल्या पोटगीचं काय? शाफई मतात ती पतीवर कर्ज म्हणून साचत जाते. हनफी मतात काझीने ठरवलेली किंवा दोघांनी आपसात ठरवलेली नसेल, तर मागची थकबाकी मागता येत नाही. निकाहनाम्यातली एक ओळ इथे वर्षांची थकबाकी वाचवते. त्यात दरवर्षी वाढीचा एखादा टक्काही लिहून टाका.

पाचवी पायरी: तलाकचा अधिकार पत्नीलाही

पती आपला तलाकचा अधिकार पत्नीला सोपवू शकतो. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. याचा आधार कुराणातल्या ३३:२८-२९ या आयतींत सापडतो, जिथे पैगंबरांना आपल्या पत्नींना राहणं किंवा जाणं यांतून निवड करू द्यायला सांगितलं आहे. पतीचा स्वतःचा अधिकार यामुळे जात नाही, आणि हनफी मतानुसार एकदा दिलेली तफवीज त्याला मागे घेता येत नाही. पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात १८ वा रकाना यासाठीच आहे. तो बहुतेक वेळा वधूच्या हाती कागद पडण्यापूर्वीच खोडलेला असतो, ही तिथली जुनी तक्रार. इराणच्या विवाहपत्रात तर बारा अटी छापलेल्याच असतात आणि वर एकेका अटीखाली सही करतो.

शब्दरचनेवर इथे सगळं अवलंबून आहे. नुसतं ‘तुला अधिकार दिला’ म्हटलं तर हनफी नियमानुसार तो त्या बैठकीपुरता राहतो आणि उठल्यावर संपतो. ‘जेव्हा इच्छा होईल तेव्हा’ हे शब्द हवेतच. किती आणि कोणता तलाक हेही हवं. निकाहापूर्वी वराने हा अधिकार मोघम देऊन ठेवला तर तो लागू पडत नाही, तो निकाहाशी जोडलेला लागतो. म्हणून एक तर वधूच्या प्रस्तावातच ही अट असावी आणि वराने ती कबूल करावी, किंवा निकाह लागल्यावर लगेच त्यावर सही व्हावी. मसुदा साधारण असा (‘बाइन’ म्हणजे नव्या निकाहाशिवाय मागे न फिरणारा):

‘या निकाहनाम्यातील अटींपैकी कोणतीही अट माझ्याकडून मोडली गेल्यास, पत्नी निकाहानंतर केव्हाही, जेव्हा तिची इच्छा होईल तेव्हा, स्वतःला एक बाइन तलाक देऊ शकेल. यामुळे तिच्या मेहरवर परिणाम होणार नाही.’

हा मसुदा आपल्या मझहबाच्या जाणकार आलिमाला (धर्मपंडिताला) आणि एका वकिलाला दाखवा. दोघांनाही, एकालाच नाही. वराकडची माणसं ‘आधीच तुटायचं बोलता?’ असं म्हणतील. त्यांना शांतपणे सांगा, की पतीच्या हातात हा अधिकार निकाहाच्या क्षणापासून असतोच आणि त्याबद्दल कुणी अपशकुनाची भाषा करत नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष निकाह

हे सगळं झालं असेल तर निकाहाचा विधी दहा मिनिटांचा. एका बाजूने इजाब (प्रस्ताव), दुसऱ्या बाजूने कबूल, एकाच मजलिशीत. हनफी मतात दोन मुस्लिम पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया साक्षीदार लागतात आणि त्यांनी दोन्ही वाक्यं एकत्र ऐकलेली असावीत. शाफई मतात दोन पुरुष हवेत. जाफरी मतात निकाहाला साक्षीदार बंधनकारक नाहीत, तलाकला मात्र आहेत. खुतबा (निकाहाचं प्रवचन) सुन्नत आहे, म्हणजे चांगला पण सक्तीचा नाही, आणि काझीची हजेरी निकाहाच्या वैधतेसाठी अट नाही.

वर परदेशी असेल तर फोनवर ‘कबूल’ म्हणवून घेऊ नका. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० मध्ये दूरसंचार साधनांवरचे करार मान्य केले, पण साक्षीदारांच्या अटीमुळे निकाह त्यातून वगळला. साधा उपाय असा, की वराने लेखी वकील (इथे आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी) नेमावा आणि वकिलाने मजलिशीत बसून कबूल करावं. मग सरकारी नोंदणी. निकाहनाम्याच्या दोन मूळ प्रती करून एक वधूकडे ठेवा. तिच्याकडे, तिच्या भावाकडे नव्हे.

संसार मोडायला आला तर

कुराणाचा क्रम असा आहे: आधी दोन्ही घरांतून एकेक लवाद (४:३५). तरीही जमलं नाही तर पत्नी पाळीतून शुद्ध झाल्यावर, त्या काळात जवळीक झालेली नसताना, एकदाच तलाक. मग इद्दत, तीही पतीच्याच घरात (६५:१). इद्दतीत समेट झाला तर नव्या निकाहाची गरज नाही. इद्दत संपल्यावर मन बदललं तरी नव्या मेहरने पुन्हा निकाह लावता येतो. याला तलाक-ए-अहसन म्हणतात आणि यात परतीची वाट शेवटपर्यंत उघडी असते.

तीन तलाक एका दमात म्हणण्याने हीच वाट बंद होते. चारही सुन्नी मझहबांचं प्रस्थापित मत असं, की तो पाप आहे पण लागू होतो. मध्ययुगीन आलिम इब्न तैमिया यांनी तो एकच मानला, आणि इजिप्तच्या १९२९ च्या कायद्याने तेच मत घेतलं. जाफरी मतात त्याने तीन तलाक होतच नाहीत. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात तो रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा केला. पती कोणत्याही मताचा असो, तीनदा म्हणायची गरज कुणालाच, कधीच नसते. एकदा पुरतं.

पत्नीला वेगळं व्हायचं असेल आणि तफवीज नसेल तर दोन वाटा. एक खुला: पत्नी मेहर किंवा ठरेल ते परत करते आणि पती सोडतो. साबित इब्न कैस यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत करून सुटका घेतली, तो मूळ प्रसंग. हनफी मतात याला पतीची संमती लागते. दोष पतीचा असेल तर त्याने मोबदला घेणं मकरूह (नापसंत) मानलं आहे, पण घेणारे घेतात. इजिप्तने २००० साली पतीच्या संमतीशिवाय न्यायालयातून खुला देण्याची सोय केली. दुसरी वाट फस्ख, म्हणजे काझी किंवा न्यायालयाने निकाह मोडणं. भारताच्या १९३९ च्या कायद्यात चार वर्षं बेपत्ता पती, दोन वर्षं पोटगी न देणं, सात वर्षांची कैद, तीन वर्षं विनाकारण वैवाहिक कर्तव्य न पाळणं, क्रूरता अशी कारणं आहेत. यातला बेपत्ता पतीचा नियम मालिकी मतातून घेतला, कारण हनफी मतात बाईला जवळपास जन्मभर वाट बघावी लागे. अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कट्टर हनफी आलिमांनीच ही मालिकी सवलत घ्यायचा फतवा दिला होता. मझहब बदलत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इद्दतीतली पोटगी आणि उरलेली मेहर हे तलाकनंतरचे पहिले दोन हिशेब. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या डॅनियल लतीफी निकालात असं म्हटलं, की पतीने इद्दतीच्या काळातच पत्नीच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करायची असते.

मुलांबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: हिजानत म्हणजे सांभाळ, विलायत म्हणजे पालकत्वाचे अधिकार. सांभाळ आधी आईकडे. हनफी मतात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. मालिकी मतात मुलगा वयात येईपर्यंत, मुलगी सासरी जाईपर्यंत. जाफरी मतात मुलगा दोन, मुलगी सात वर्षांची होईपर्यंत. शाफई मतात समज आली की मूल स्वतः निवडतं. आईने परक्या पुरुषाशी निकाह केला तर सामान्यतः तिचा हक्क जातो. खर्च सगळीकडे बापाचा, मूल कुणाकडेही असो. आज बहुतेक देशांतली न्यायालयं या वयांपेक्षा मुलाचं हित आधी पाहतात.

पती गेला तर: एक हिशेब

मृत्यूनंतर क्रम ठरलेला आहे: दफनाचा खर्च, मग कर्जं, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत मृत्युपत्र, आणि उरलेलं वारसांना. न दिलेली मेहर हे कर्ज आहे, म्हणून ती वाटणीच्या आधी निघते. मग पत्नीचा हिस्सा: मुलं असतील तर एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश (४:१२).

समजा, सुन्नी पुरुष वारला. मागे पत्नी, आई, एक मुलगा, एक मुलगी. इतर खर्च वजा जाता मालमत्ता ८२० ग्रॅम सोन्याएवढी, आणि १०० ग्रॅम मेहर बाकी. आधी मेहरचे १०० पत्नीला. उरले ७२०. पत्नीचा अष्टमांश ९०, आईचा षष्ठांश १२०, उरलेले ५१० मुलगा-मुलगीत दोनास एक या प्रमाणात, म्हणजे ३४० आणि १७०. पत्नीच्या हाती एकूण १९०.

आता निकाहनाम्यात मेहरच्या रकान्यात फक्त ‘रिवाजाप्रमाणे’ लिहिलं आहे आणि बाकी मेहर सिद्ध करता आली नाही, असं धरा. ८२० चा अष्टमांश १०२.५, आणि तेवढंच.